शहाद्याची शमीम

सांगलीहून निघताना मुलाने विचारलं, "तिकडे आपलं आहे कोण?" खरं म्हणजे कोणीच नव्हतं. खानदेशात माझं नातं नाही, गोतं नाही. "एका मैत्रिणीला भेटायचंय," असं सांगून मी बॅग उचलली. तेही पूर्ण खरं नव्हतं. जिला भेटायला निघाले होते तिच्याशी मी आयुष्यात एक वाक्यही बोलले नव्हते.

झालं होतं असं. मी क्रीडाशिक्षिका म्हणून निवृत्त झाले त्या दिवशी जुने विद्यार्थी जमले. चहा-वडे झाले आणि वाद सुरू झाला, आजवरचा सगळ्यांत मोठा खेळाडू कोण? कोणी एका फलंदाजाचं नाव घेतलं, कोणी परदेशातल्या धावपटूचं, कोणी मुष्टियोद्ध्याचं. आवाज चढले. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा."

मी म्हणाले, "शहाद्याची शमीम."

सगळे हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करतायत. एकीने लगेच मोबाइलवर शोधलं आणि म्हणाली, "बाई, ही तर कुठेच नाही."

ते वाक्य मला लागलं. कुठेच नाही म्हणजे काय? मी पाहिलीय ना तिला!

आम्ही दोघी तेव्हा शाळकरी मुली. शालेय खो-खोच्या राज्य स्पर्धा आमच्याच गावी भरल्या होत्या. उपांत्य सामना शहाद्याच्या मुलींशी होता. त्यांच्यातली एक सडपातळ, लांब वेणीची मुलगी पहिल्या डावात अखेरपर्यंत पळत राहिली आणि आमच्या नऊजणींपैकी एकीलाही तिला हात लावता आला नाही. आम्ही खो देऊन उठायचो तोवर ती तिथे नसायची. घाई म्हणून नव्हती. आम्ही कुठे जाणार हे तिला आमच्या आधी कळत असावं, असं पळणं. दुसऱ्या डावात आम्हाला जिंकायला एकच गडी हवा होता आणि मैदानात तीच होती. खांबाजवळ मी सूर मारला. शिट्टी वाजली. बाद! मुलींनी मला उचललं. शमीम वळली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चालत बाहेर गेली.

माझ्या बोटांना काही लागल्याचं मला आठवत नव्हतं. तेव्हाही नव्हतं. मी ते कोणालाच सांगितलं नाही. त्या सामन्यावर माझी राज्याच्या संघात निवड झाली, पुढे नोकरीही खेळातूनच लागली.

धुळ्याहून शहाद्याच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. जानेवारीचे दिवस. दोंडाईचा मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना कापूस दिसू लागला, वेचून झालेल्या पऱ्हाट्या नि मधूनच राहिलेली पांढरी बोंडं. सारंगखेड्याच्या पुलावर गाडी आली आणि तापी दिसली. आमची कृष्णा घाटांमधून लाडाने वाहते. ही नदी रुंद, गप्प, कोणाकडे न बघता जाणारी. पलीकडे ऊस, केळी, पपई, आणि फार लांबवर सातपुड्याची निळी रेघ.

शेजारी कळसाडीचे एक शेतकरी बसले होते. त्यांना सगळे मुरलीआबा म्हणत. "ताई, कोठे जाई ऱ्हायन्यात?" (कुठे निघालात?) त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. का कोण जाणे, अनोळखी माणसाला सांगणं सोपं गेलं.

आबांनी मनापासून ऐकलं आणि मान हलवली. "तुम्हनं म्हननं खोटं नही. पन मोठा खेळाडू म्हंजे मन्हा काका! गाडानं चाक एकला उचले. त्यानापेक्षा मोठा पहिलवान दखाडा बरं!" (दाखवा बरं!)

"आबा, चाक उचलणं म्हणजे खेळ नव्हे."

"का बरं नही? समोर कोनी तरी पाहिजे तव्हयच खेळ? चाक काय हलकं ऱ्हास?" (हलकं असतं का?)

शहाद्याला उतरल्यावर आबा मला स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले आणि तिथे त्यांनी माझा प्रश्न जाहीर केला. बशीतला चहा निवेपर्यंत तिथे चार पक्ष पडले होते. एकजण म्हणाला, खेळ म्हणजे क्रिकेट, बाकी सगळा टाइमपास शे. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्याने तिथल्या कबड्डीपटूची बाजू लावून धरली. एका दमात पाच गडी मारायचा म्हणे. प्रत्येकाचा एक माणूस होता, आणि तो माणूस कुठेच छापलेला नव्हता. मला तिथून उठवेना. इतक्या लांब येऊन घरच्यासारखं वाटायचं कारण मला उमगलं. त्या टपरीवर माझ्या शमीमला कोणी हसलं नव्हतं.

"पिंजारीनी पोर व्हती का ती?" कारखान्याच्या म्हाताऱ्याने विचारलं. "मंग पिंजारी गल्लीमा पूसा."

पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया करणारे. त्यांच्या गल्लीत शिरून मी शमीमचं घर विचारलं आणि एका पोरीने मला थेट एका दारात नेऊन उभं केलं. आतून माझ्याच वयाच्या एक स्थूल, हसऱ्या बाई आल्या. मी भारावून त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "तुम्ही सांगलीला खो-खो खेळायला आला होतात!"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग अशा हसल्या की दाराची चौकट धरावी लागली. "मी? पयनारी? बहीन, मी ते जनमात बस धराले बी पयनी नही!" (पळणारी? मी तर जन्मात बस धरायलाही पळाले नाही!)

चुकीच्या शमीमबी होत्या त्या. पण मला तशीच परत जाऊ देतील तर शपथ. "जेवाबिगर जावानं नही," असं म्हणून त्यांनी मला बसवलं आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची), वांग्याचं भरीत आणि वर कच्च्या तेलाची धार असं ताट पुढे ठेवलं. मी दोन भाकरी खाल्ल्या. मी उठत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "पयनारी शमीम नंदुरबारले दिली. तिना भाऊ आठेच व्हता, तो बी आते नही. तिना घरवाला जाईसन बी लई वरीस व्हयनात. पोऱ्यानं गादीनं दुकान शे." (भाऊ इथेच होता, तोही आता नाही; जाईसन म्हणजे जाऊन, नवरा वारूनही खूप वर्षं झाली, मुलाचं गादीचं दुकान आहे.)

दुकान नंदुरबारला कुठे आहे तेही त्यांनी सांगितलं. ती रात्र मी शहाद्याच्या एका साध्या लॉजवर काढली आणि सकाळी प्रकाशामार्गे निघाले. पुन्हा तापी ओलांडली. नंदुरबार जवळ येताच गाडीतले लोक एकेक करून शिंकू लागले. रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात एकरच्या एकर लाल मिरची वाळत घातलेली होती आणि वारा तिच्यावरून येत होता. शेजारची बाई पदर नाकाला लावून हसत म्हणाली, "आमनं गाव अशेच सलाम करस." मी रिक्षात बसले तेव्हाही माझे डोळे वाहत होते. बरं झालं. आतून मी इतकी घाबरले होते, की ते पाणी मिरचीचं असणं सोयीचं होतं.

दुकानात एक तरुण कापूस पिंजायचं यंत्र चालवत होता. हवेत कापसाची पिंज तरंगत होती. आईचं नाव घेताच त्याने मागच्या दाराकडे बोट केलं. मागच्या अंगणात गाद्या पसरल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या अरुंद वाटेने एक बाई हातात दाभण घेऊन येत होती. केस पांढरे, त्यांत कापूस. एक गुडघा ती जपून टाकत होती. पण वाटेत ठेवलेल्या बादलीशी येताच तिचा खांदा आधी वळला आणि मग पाऊल. मी तिला ओळखलं. या वेळी चूक नव्हती.

मी नाव सांगितलं. तिला ते आठवेना. सांगली म्हटल्यावर मात्र तिच्या हातातलं दाभण थांबलं.

"सांगलीन्या का तुम्ही? मन्ही याद कशी ऱ्हायनी तुम्हले?"

आम्ही गादीवरच बसलो. सुनेने चहा आणला आणि उंबऱ्यात बसून ऐकू लागली. शमीम माझ्याशी शाळेतली मराठी जपून बोलत होती. भान सुटलं की अहिराणी यायची. मी तिला विद्यार्थ्यांचा वाद सांगितला, आणि माझं उत्तर. सून तिच्याकडे अशी पाहू लागली जशी घरात नवीनच कोणी बाई येऊन बसलीय.

शमीम हसली, पण लगेच गंभीर झाली. "नाही ताई. हे बरोबर नाही. मोठा खेळाडू तो, जो खेळत राहिला. मी तर पंधराव्या वर्षी घरी बसले. तुम्ही किती वर्षं खेळलात?"

"दहा. मग पस्तीस वर्षं शिकवलं."

"मग तुम्ही मोठ्या."

"मी फक्त मैदानात जास्त वेळ होते," मी म्हणाले. "तुमच्यासारखं पळणं मी पुन्हा पाहिलं नाही. हजारो मुली पाहिल्या." आणि मग थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून एका दमात विचारलं, "त्या शेवटच्या डावात माझा हात तुम्हाला लागला होता का?"

तिने दाभण बाजूला ठेवलं.

"नही लागना," ती म्हणाली. "चार बोटं लांब व्हता."

मला ते ठाऊकच होतं. "मग बोलला का नाहीत? पंचांना सांगायचं."

"घरून निघताना अब्बांनी सांगितलं होतं, परत आली की शाळा बंद. लग्न ठरलं होतं. मला माहीत होतं, हे शेवटचं मैदान आहे. तिथे भांडत बसले असते, तर जन्मभर ते भांडणच ध्यानात राहिलं असतं. म्हणून हळूहळू चालत गेले. सगळं बघत गेले. चुन्याच्या रेघा, खांब, माणसं."

"मी बोलायला हवं होतं," मी म्हणाले. "माझी चूक झाली."

"बोलला असतात तर काय झालं असतं? दोन मिनिटं अजून पळाले असते." मग अगदी हळू म्हणाली, "दोन मिनिटं बी कमी नसतात, ताई."

माफ केलं असं तिने म्हटलं नाही, मीही ते मागितलं नाही. सून उठून आत गेली. यंत्राची घरघर चालू होती.

थोड्या वेळाने शमीमने माझ्या हातावर हात ठेवला. "आता सांगा. कुठे कुठे खेळलात?"

मला वाटलं, सहज विचारतेय. पण तिला सगळं हवं होतं. मी इंदूर म्हटलं की ती विचारायची, माती काळी का लाल? कोचीन म्हटलं की, दमट हवेत पाय घसरायचे का? एका ठिकाणी मैदानाशेजारी समुद्र होता म्हणाले, तर डोळे मिटून म्हणाली, "वारा कोणत्या बाजूने?" एरवी ही मैदानं मी विसरून गेले होते. तिच्यासाठी एकेक आठवून काढली. उन्हं कलेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. दुपारी मध्येच कधीतरी डाळ-भात खाल्ला, तेव्हाही ती एका हाताने खात होती आणि दुसऱ्या हाताने गादीवर खांबांच्या जागा दाखवत होती.

निघताना तिने फोन नंबर घेतला. दारापर्यंत आली, पुढे आली नाही.

नंदुरबारहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले. दोंडाईचा यायच्या आत फोन वाजला.

"ताई, आता मुली मॅटवर खेळतात ना? टीव्हीवर पाहिलं. ते पायाखाली कसं लागतं, ते विचारायचं राहिलं."

मी सांगितलं. रबरासारखं असतं, धूळ नाही, बूट घालावे लागतात.

"मग वळताना टाच रुतते कुठे?"

"रुतत नाही."

खिडकीबाहेर शेतं काळवंडत होती.

"बरं," ती म्हणाली. "विचार करते."

सांगलीला पोचून तीन दिवस झाले. मुलाने प्रवासाबद्दल विचारलं, विद्यार्थ्यांनीही विचारलं. मी भरताचं सांगितलं, मिरचीच्या शिंकांचं सांगितलं, चुकीच्या शमीमबींचं सांगून सगळ्यांना हसवलं. बाकीचं बोलता आलं नाही. मी तिच्याकडे गेले होते ते मनावरचं ओझं उतरवायला. ते उतरलं नाही, आणि आता ते उतरावं असं वाटतही नाही. तिची दोन मिनिटं माझ्याकडे आहेत. ती मला पाऊण आयुष्य पुरली.

आज सकाळी तिचा फोन आला. आवाजात धाप होती.

"ताई, टाचेवर नाही. चवड्यावर वळायचं, आणि वळायच्या आधी गुडघा थोडा जास्त वाकवायचा. बरोबर ना?"

अगदी बरोबर होतं. मॅट आल्यावर हेच समजायला मला आणि माझ्या मुलींना दोन हंगाम लागले होते.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोनी नही. सून बाजारात गयी व्हती," शमीम म्हणाली. "मी अंगणमा करीसन दखं."