हलणारं टेबल

गिरगावातले शरच्चंद्र आगासकर म्हणजे सुधारणांचे खंदे पुरस्कर्ते. मेट्रो हवी, चाळ पाडून लिफ्ट हवी, आणि कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात एसी हवा! तिथे एकट्या गिऱ्हाइकासमोर कुणीही अनोळखी येऊन बसणार, हा रिवाज तर त्यांना मुळीच खपत नसे.

"अहो, माझ्या उसळीत कोपर बुडवू नका," अशी सुरुवात व्हायची. पण समोरच्याची मिसळ संपेस्तोवर त्याचं गाव, बायकोचं माहेर, सासूचा स्वभाव, सगळं काढून घ्यायचे. संध्याकाळी ते आम्हा चाळकऱ्यांना तिखटमीठ लावून मिळे. त्यांची बायको, आमच्या नलूवहिनी, वारल्यावर त्यांची तिथली न्याहारी लांबतच गेली.

अखेर सगळं झालं. मेट्रो आली, टॉवर उठला, एसी लागला. लांबलचक टेबलं जाऊन एकट्यांसाठी भिंतीकडे तोंड केलेली छोटी टेबलं आली. मी आता लेकीकडे दादरला असतो, कधीमधी पार्सल न्यायला येतो. म्हटलं, "घ्या आगासकर, कोपराची कटकट मिटली!"

"उत्तम सोय आहे," भिंतीकडे बघत ते म्हणाले.

पुढच्या खेपेला वेटर शिवाने माझं पार्सल बांधता बांधता बातमी दिली. "काकांचं टेबल रोज हलतंय."

"नवं टेबल? रोज?"

"टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी असते. मी वाकून काढतो. तेवढ्यात ते माझ्या मालवणच्या घराचं, पोरीच्या बारावीचं विचारतात." मग हळूच म्हणाला, "घडी तेच घालतात. मी पाह्यलंय. बोलायचं नाय हां!"

आमच्यासारख्याला सांगतोय, बोलायचं नाय! पण खरंच नाही बोललो.

परवा गेलो, तर आगासकरांजवळ नवा मालक राजस उभा. टेबलं जमिनीला स्क्रूने पक्की केलेली. "काका, तुमच्या तक्रारीवरूनच केलं. आता भूकंप झाला तरी हलणार नाही."

आगासकरांनी दोन्ही हातांनी टेबल दाबून पाहिलं. इकडून, तिकडून.

"छान," म्हणाले. राजस गल्ल्यावर गेला. पोहे निवत राहिले.

जरा वेळाने हाक आली. "शिवा!"

"काय काका?"

आगासकरांनी टेबलाखाली पाहिलं, वर पाहिलं.

"पाणी आण रे."

समोर ग्लास काठोकाठ भरलेला होता. शिवाने तो उचलला, आत नेऊन ओतला आणि पुन्हा भरून आणला.