सिनेमात नसलेली विहीर

शाळेची नोकरी सांभाळून मी जालन्यातल्या एका छोट्या दैनिकात सिनेमांची परीक्षणं लिहायचो, हे सांगताना आता लाज वाटते. परीक्षण शुक्रवारी सकाळी छापून यायचं आणि सिनेमाचा पहिला खेळ लागायचा दुपारी बाराला. शहाण्यानं यावरून काय ते ओळखावं. निर्मात्याकडून माहितीपत्रक यायचं, गावातले आम्ही सगळे समीक्षक तेच घुसळायचो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्या शुक्रवारी कॉलेजच्या पोरांसाठी काढलेला एक भुताचा सिनेमा लागणार होता. मध्यंतरानंतरचा विहिरीतला प्रसंग अंगावर काटा आणतो, असं पत्रकात होतं. मी लिहिलं, 'विहिरीतल्या प्रसंगानं खुर्चीला खिळून राहिलो.' खुर्ची घरची होती, एवढंच खरं. वर चार तारे दिले.

माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. दर शुक्रवारी ती माझं परीक्षण कापून वहीत चिकटवायची. मागच्या पानावरचं शब्दकोडं त्यात अर्धं जायचं, म्हणून बायको कुरकुरायची. मला मात्र पेपरातलं ते भगदाड फार आवडायचं. दुसरा कुठला पुरस्कार मला मिळणार होता? त्या दिवशी माझ्या शब्दावर मुलीनं दोन मैत्रिणींना सोबत घेतलं आणि मिरवायला मीही गेलो.

सिनेमा टुकार होता. कथेला शेंडा ना बुडखा. भुताच्या तोंडाला इतकं पांढरं फासलेलं, की ते थेट पिठाच्या गिरणीतून आलेलं वाटत होतं. मागच्या रांगेतलं रडणारं तान्हं बाळ भूत आल्यावर गप्प झालं आणि मग चक्क हसायला लागलं. त्या सिनेमाचं खरं परीक्षण जालन्यात त्या बाळानंच केलं. मध्यंतरानंतर मी विहिरीची वाट बघत बसलो. विहीर आलीच नाही. तो प्रसंग त्यांनी काढून टाकला असावा. पत्रकातून काढायचं कुणाला सुचलं नाही.

मैत्रिणी जुन्या जालन्यात उतरल्या. रिक्षात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, विहीर कुठं होती? मी तर वाटच बघून राह्यले होते."

"कापली असंल, बेटा."

"मंग तुम्ही कुठं बघितली?"

"बाकीच्या पेपरांनीबी तेच लिहिलंय," मी म्हणालो. इतकं हलकं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन.

"त्यांनीबी बघितला न्हाई का?"

मी पुढं वाकून रिक्षावाल्याला उगाच घराचं वळण दाखवलं.

पुढच्या शुक्रवारी शाळेतून आलो, तर बायको पेपर घेऊन खुशीत बसली होती. "आज शब्दकोडं बराबर हाय बगा, पूर्ण."

मी पेपर हातात घेऊन पान उलटलं. माझं परीक्षण जागच्या जागी होतं.