पाळण्याखालचा गार सिलिंडर

मंडळी, आमच्या घरासमोरच्या वाचनालयाच्या या फळ्यावर रोज सुविचार असतो. आज तो पुसून मी लिहून राहिलो.

आमच्या घरी सोडा बनवायचं यंत्र आहे. त्याचा लहान सिलिंडर भरायले नागपूरले पाठवा लागते. तो खर्च वाचावा म्हणून आज सकाळी मीच सोड्याच्या कारखान्यातल्या मोठ्या सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड गॅस भरून आणला. बर्फात ठेवून भरला, म्हणजे जास्त मावते. मावला बी!

घरी आणला तेव्हा हाताले चटका बसावा इतका गार होता. बायको म्हणाली, "अकोल्याचं ऊन हाये. पोरीच्या पाळण्याखाली ठेवा, गार वाटन तिले."

ठेवला.

दुपारी घर तापलं अन् पाळण्याखालून फस्स आवाज सुरू झाला. "पोरीले उचल!" मी ओरडलो. पोरीले घेऊन बायको अंगणात पळाली, मागून मी.

आता आवाज बंद आहे. गॅस संपला, का तोंड तुंबून सिलिंडर आतल्या आत तापून फुटाले आला? दाराशी जायची हिंमत होत नाही.

सांज झाली. बायको अंगणातून विचारते, "आत जाऊ का? चूल पेटवाची हाये."

मंडळी, काय सांगू तिले?