घर सोडून गेलेले हात

कंधारात बावीस वर्षं मी टायपिंगचा क्लास चालवला. परीक्षा संगणकावर व्हायला लागल्या तशी पोरं कमी झाली, आणि एक दिवस शेवटची बॅचही संपली. बाकीची मशीनं गेली, एक तेवढं मी घरी आणलं. सोबत विद्यार्थ्यांच्या सरावाच्या कागदांचे गठ्ठे. एका बाजूला टाइप केलेले, दुसऱ्या बाजूला कोरे. टाकवेनात म्हणून आणले.

सकाळची सहाची बॅच सुटली तरी सवय सुटली नाही. पहाटे उठायचं, आंघोळ करायची, इस्त्रीची साडी नेसायची आणि पलंगावर बसून राहायचं. बोटं आपोआप मांडीवर चालायची. कुणी विचारलं की आराम करते म्हणून सांगायचे, पण खरं म्हणजे आत सगळा गोंधळ होता. जेवताना हातातला घास तसाच राहायचा. आपण कशासाठी उठलो, हेच कळायचं नाही. माझे मालक एसटीत कंडक्टर. ड्युटीवरून आले की माझ्याकडे बघायचे आणि चहा ठेवायचे.

एका दुपारी मशीनवर एक कोरी बाजू चढवली. लिहायला काही सुचेना, म्हणून शून्याचं डोकं, उभ्या दंडाचं अंग आणि कंसांचे हात टाइप केले. बाई तयार झाली. तिच्याकडे बघताना वाटलं, हिचे हात गळून पडावेत. दुसऱ्या कागदावर कंस जरासे खाली टाइप केले, तिसऱ्यावर आणखी खाली. मोबाईलवर फोटो जोडून चित्र हलतं करता येतं, एवढं मला ठाऊक होतं. डब्यांवर मोबाईल टेकवला आणि फोटो काढत गेले. बारा कागदांनी एक सेकंद भरायचा. पहिल्या दिवशी कंस जमिनीवर पडले तेव्हा मी एकटीच हसले. किती दिवसांनी हसले, कुणास ठाऊक.

मग रोज दुपारी तेच. हात बोटांवर चालत उंबऱ्याबाहेर निघाले. किल्ल्याचा खंदक पोहून गेले. मागे बाई तशीच मशीनपुढे बसलेली, आणि मशीनला कळांच्या जागी दात फुटलेले. तिच्या कानांतून अक्षरं गळायला लागली आणि घर गळ्यापर्यंत भरलं. अनुस्वार माशांसारखे तरंगू लागले. शेवटी हात जळकोटच्या एसटीत चढले. पुढे काय करावं ते मला सुचेना. सगळं मिळून चाळीसेक सेकंदांचं झालं.

मालकांना दाखवलं. त्यांनी मोबाईल लांब धरून दोनदा पाहिलं. हातांचं तिकीट कुणी काढलं, हा त्यांचा पहिला प्रश्न. दोन हातांचं मिळून अर्धं लागेल, असा त्यांचा हिशोब. मी हसत होते, तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, “परत कधी येतील गं ते?”

मला एकदम रडूच आलं. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि माझे दोन्ही हात धरून बसले. त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं; पलंगावर बसून राहायचं, घास तसाच राहायचा, ते सगळं. त्यांना बरंचसं माहीत होतं. विचारावं कसं, तेवढं कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनीच तिथल्या टीव्हीला मोबाईल जोडला. मला लाज वाटून मी मागे जाऊन बसले. बाया दातांच्या मशीनला हसल्या. अक्षरं गळ्यापर्यंत आली तशा पुढे सरकून बघायला लागल्या. संपल्यावर आमच्या गल्लीतल्या रिटायर सिस्टर उठून माझ्याजवळ आल्या. जन्मभर त्यांनी सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली. त्या म्हणाल्या, “माझे पाय असेच गेले गं. अजून वॉर्डात फिरून राहिलेत. घरात फक्त मी हाय.”

मग एकेक जण बोलायला लागली. कुणाचा आवाज हरवला होता, कुणाची झोप शेतातच राहिली होती. वेड्यासारखं काहीतरी मी एकटीच काढतेय, असं मला वाटत होतं. इथं तर सगळ्यांनाच ते ओळखीचं निघालं. घरी येताना मला सडकून भूक लागली होती. उभ्यानंच दोन भाकरी खाल्ल्या.

क्लास काही परत सुरू झाला नाही. अजूनही एखाद्या सकाळी जड वाटतं. पण आता सिस्टरच्या पायांच्या चित्राचं काम चालू आहे आणि त्या रोज दुपारी हजर असतात. पायांत चप्पल पाहिजे, हा त्यांचा हट्ट, कारण अनवाणी वॉर्डात जाणं नियमात बसत नाही. मला मात्र चपलेचा अंगठा काही केल्या टाइप करता येईना. विसर्ग वापरून पाहिला, स्वल्पविराम वापरून पाहिला. सिस्टर खुर्चीवर पाय वर घेऊन बसतात, नीट बघ म्हणतात, आणि मी नवा कागद चढवते.