निकिताचे चोर आणि माझा चार्जर

यातला एक शब्द जरी खरा वाटला ना सुमन, तर माझं नाव बदल! आमची नात निकिता परदेशात क्रिमिनॉलॉजी शिकते. एम.ए., तेही इंटरनॅशनल! थिसिस लिहायला इकडे देवरूखला आमच्याकडे आली नि किस्से असे साचले, की पडवीत बसायला जागा नाही.

*

आल्या दिवशी शेजारचा बबन विचारतो, "फौजदार झालीस काय गो?"

"नाही काका. माणसं चोरी का करतात, ते शिकते."

"त्यासाठी परदेशात? मला विचारायचंस!"

मग स्वतःच दचकला नि चहा न पिताच घरी गेला!

*

रेंज फक्त पडवीत. तिथेच तिचा ऑनलाइन वर्ग. मी मागे बसून बांगडे साफ करत होते. ब्राझीलच्या एका पोराने विचारलं, "मागे कोण?"

निकिता म्हणाली, "माझी आजी."

पाहुण्याला नुसतं बघत कसं बसायचं? मी रक्ताळलेली सुरी हलवून म्हणलं, "हलो!"

पोराने कॅमेराच बंद केला!

*

मग ही घरोघरी फिरली. "तुम्ही कधी चोरी केलीत?" प्रत्येकजण म्हणे, "मी? छे! पलीकडच्यांना विचार." सगळ्या वाडीत चोर एक नाही, साक्षीदार घरटी दोन!

तिकडून प्रोफेसरबाईंनी कळवलं, कबुल्या नाहीत तर थिसिस नाही. वर्ष फुकट! पोर ताटावरून उठली गो. तिच्या आवडीची सोलकढी तशीच.

*

मला बघवेना. म्हणलं, "माझी कबुली घे. तुझ्या आजोबांना मी पळवून आणलं."

"आजी, तुम्ही लग्न केलंत. तो गुन्हा नाही!"

आजोबा आतून ओरडले, "तक्रार लिहून घे गो!"

*

आणि दुसऱ्याच दिवशी निकिताच्या लॅपटॉपचा चार्जर गायब! मी अंगणात उभी राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "आमच्या घरातलं ज्याने जे नेलं असेल, ते सकाळपर्यंत पडवीत ठेवा. नाहीतर देवळात गाऱ्हाणं घालते!"

पोलिसाला इथे कोण भितो? पण गाऱ्हाणं म्हंजे देवच चोराच्या मागे लागणार!

सकाळी दार उघडलं तर पडवीत आमची पितळी कळशी, कोयता, खोबरं किसायची किसणी, मिक्सरचं भांडं. बबन फणस घेऊन उभा. "वहिनी, गेल्या वर्षीचा खाल्ला. हा घ्या बदली." एक घमेलं तर आमचं नव्हतंच! आणि देवळात गाऱ्हाणं घालतात ते दाजी स्वतः आमची बादली घेऊन आले. "आता गाऱ्हाणं कशाला वहिनी? मिटलं की!"

निकिताने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. कबुल्यांना रांग! दाजी म्हणे, "माझं आधी घे, मला पूजा आहे!" थिसिस पास झाला गो. प्रोफेसरबाई विचारतात, ही पद्धत कुठल्या देशाची?

सगळं परत आलं. एक आजोबांची काळी छत्री तेवढी आली नाही.

चार्जर? तो मिळाला की. माझ्या तांदळाच्या डब्यात, तळाशी. अशी बघतेस काय? डब्याला विचार!

चल, ऊठ, जा आता घरी. आणि ती छत्री इथेच ठेव.