आईच्या तोंडापुरता उजेड

आमच्या आईला फोटो हवा होता, पण घर नको होतं. म्हणजे फोटो घरातच काढायचा, पण त्यात घर दिसायचं नाही. अशी अट घालणारं गिऱ्हाईक दुसरं कोणी असतं तर मी हात जोडले असते.

घर पुनर्वसनातलं. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा मिळालेल्या प्लॉटवर मी स्लॅबचं घर बांधलं आणि भिंतींना गुलाबी ऑइल पेंट मारला. रंग मीच निवडला होता. आईने भिंतीकडे बघून "दवाखान्यावानी दिसते" एवढंच म्हटलं आणि राहायला लागली. त्याला बरीच वर्षं झाली, तरी ती आपली भांडी अजून एका कोपऱ्यात गोळा करून ठेवते, उद्या निघायचं असल्यासारखी.

फोटोची निकड साधी होती. आमच्या लायनीतली एक म्हातारी वारली आणि घरच्यांनी घाईघाईत तिच्या आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून भिंतीवर लावला. आई तिथे बसून आली ती फणफणत.

"ते बाई कोन हाय, मले त ओळखूच नाही आली. माह्यं असं नोको करजा. मी आहो तवाच काढून ठेव. तुह्या बापाच्या बाजूले लावाचा हाय."

बाबांचा फोटो समोरच्या खोलीत आहे. जुन्या घराच्या दारात उभे, उजव्या हाताने चौकट धरलेली, चेहरा बस चुकल्यासारखा. जवळच्या पवनी गावातल्या फोटोवाल्याने काढलेला. त्याने बाबांना नीट मधोमध धरलं नव्हतं, त्यामुळे दाराची एकच बाजू आली आहे. बाबा जुन्या गावातच गेले. गाव सोडताना आईने बाकी सगळं सोडलं, पण ते सागवानी दार चौकटीसकट उखडून ट्रॅक्टरवर घातलं. आता ते आमच्या स्वयंपाकघराला आहे. त्यालाही गुलाबी रंग द्यायचा माझा विचार होता, पण आईने ब्रश लपवून ठेवला. तो अजून सापडलेला नाही.

मी नोकरीला लाखांदूरला असतो आणि सुटीत घरी येतो. फोटोचा मला नाद आहे. आईला विचारलं, "मागं काळा पडदा लावू का?"

"पडद्यासमोर नाटकवाले उभे राह्यतेत," आई म्हणाली. पडद्याचा विषय तिथे संपला.

पहिल्या दिवशी नुसता फ्लॅश मारून बघितला. तेलकट चकचकीत भिंती. उजेड एकीवर आपटायचा, दुसरीवरून परतायचा, घरभर हिंडायचा. फोटोत आई आली, तिच्यामागे फ्रिज आला, कॅलेंडर आलं, मोरीतली बादलीही आली. भिंतींमुळे आई स्वतःसुद्धा गुलाबी दिसत होती.

"हे त पुरं घरच आलं," ती म्हणाली.

मग काळ्या पुठ्ठ्याची नळी करून फ्लॅशच्या तोंडावर चढवली. आता उजेड आवरला, पण तो आईच्या तोंडावर टॉर्चसारखा गोल पडला, काठ कापल्यासारखे. आईने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "चोर धरला काय?"

तिसऱ्या खेपेला पवनीच्या ज्यूसवाल्याकडून काळ्या स्ट्रॉ मागून आणल्या. त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि एकमेकांना चिकटवून मोहोळासारखी जाळी बनवून फ्लॅशवर चढवली. जाळीतून उजेड नाकासमोर चालतो, इकडेतिकडे बघत नाही, आणि काठही मऊ पडतो. फ्लॅश आईच्या तोंडाजवळ आणला, म्हणजे भिंतीपर्यंत जाईस्तोवर त्याचा दम संपतो. खिडकीचा उजेड कॅमेऱ्यात येणार नाही इतकं लेन्सचं छिद्र बारीक केलं.

या सगळ्या खटाटोपात आई दर वेळी आपली खुर्ची त्या सागवानी दाराशीच ओढून बसायची. मला वाटलं, हवेसाठी बसते. डाव्या हाताने चौकट धरायची. मी म्हटलं, "आई, हात मांडीवर ठेव." ती म्हणाली, "हात राहू दे." मी राहू दिला. जाळीतला उजेड तिथवर जाणारच नव्हता.

फोटो आला आणि मी स्वतःवरच खूश झालो. सगळीकडे गडद काळोख आणि त्यात फक्त आईचा चेहरा. एकेक सुरकुती जागच्या जागी. भिंत नाही, फ्रिज नाही, बादली नाही. शाबासकीच्या आशेने मी कॅमेरा तिच्यापुढे धरला.

तिने स्क्रीनवरच्या काळोखावरून बोट फिरवलं.

"दार कुठं गेलं?"

"तूच त म्हनत होती, घर नोको म्हणून."

"घर नोको म्हटलं. दार कवा म्हटलं?" तिने बाबांच्या फोटोकडे हात केला. "तुहा बाप थ्या दारात उभा हाय. मी अंधारात एकटी कायले बसू?"

मी बाबांच्या फोटोकडे बघितलं. मग आईच्या हाताकडे बघितलं. बाबांनी चौकटीची एक बाजू धरली होती. फोटोवाल्याकडून राहून गेलेली दुसरी बाजू आई धरून बसली होती. फ्लॅशचे चांगले सेल मी उगाच काढून पुन्हा घातले.

मग फ्लॅश थोडा मागे घेतला आणि दाराकडे जरासा वळवला. आता चेहरा आला, हात आला, सागवानाचा उभा पट्टा आला, वरची लोखंडी कडी आली. भिंत काळोखातच राहिली. या वेळी आईने बघून नुसती मान डोलावली आणि स्वयंपाकाला गेली.

फोटो बाबांच्या डाव्या हाताला लावला. दोन चौकटींच्या मध्ये जरा जागा सुटली आहे, बाकी दार पूर्ण झालं आहे.

दुसऱ्याच दिवशी शेजारची काकू काही मागायला आली. भिंतीवरचा फोटो बघून ती उंबऱ्यातच थबकली, पदर डोक्यावर घेतला आणि मला हळू आवाजात म्हणाली, "अगा, कवा झालं? आमाले सांगतलं बी नाही."

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातून चहा घेऊन बाहेर आली. काकूच्या हातात कप दिला आणि तिची नजर गेली होती तिकडे स्वतःही बघितलं.

"बस बाई," आई म्हणाली. "इथं मी फक्त चहा करतो. राह्यतो तिकडं."