काळ्या लोकरीच्या धाग्यासाठी शाहपूरच्या पुढं

शुक्रवारी सुनंदाचा फोन आला. "ताई, धागा तयार झाला. यायचं असेल तर सोमवारच्या आत या. सोमवारी व्यापारी येतोय, काळ्या मेंढ्या घेऊन जाईल."

मी म्हटलं, मेंढ्याच चालल्या तर धाग्याचं कशाला सांगतेस?

"तुम्ही धागा पास केला तर मेंढ्या राहतीन ना."

म्हणून रविवारी निघाले.

सुनंदा धनगराची सून. गेल्या दसऱ्याच्या सुमारास नेपानगरहून बऱ्हाणपूरला जाताना गाडीत समोर बसली होती. मी विणत होते. मी कागदाच्या मिलच्या कॉलनीत लोकांचे स्वेटर विणून देते, वीस वर्षं झाली. धागा बाजारचा. त्याला लोकर म्हणतात, पण मेंढीचा त्याला वासही लागलेला नसतो. ती म्हणाली, आमच्या घरी खरी लोकर पडून सडते, कोणी घेत नाही. पिशवीतून मूठभर काढून दाखवली. कोळशासारखी काळी, रंगवलेली नाही. मी म्हटलं, कातून ठेव, मग बघू. सहज बोलले होते. तिनं घरी जाऊन ते सासूला सांगितलं आणि सासूनं चार महिने टकळी फिरवली.

कोणाला जायचं असेल तर सांगते. नेपानगरहून सकाळची गाडी धरा, अर्धा-पाऊण तासात बऱ्हाणपूर. स्टेशन गावाबाहेर आहे. बसस्टँडपर्यंत ऑटोवाले पन्नास मागतात, वीस द्या आणि गप्प बसा. तिथून शाहपूरच्या पुढं जाणारी बस. बस भरल्याशिवाय हलत नाही, ड्रायव्हरवर ओरडून फायदा नाही, मी ओरडून बघितलं. जवळ मावा जिलेबी मिळते, काळी, जड. दोन खाल्ल्या की दुपारचं जेवण नको. शाहपूरच्या पुढं रस्ता चांगला आहे, दोन्हीकडं केळीच केळी. लोक फोटो काढतात. मला एक बाग आणि दुसरी बाग यात फरक दिसला नाही.

फाट्यावर सुनंदा उभी होती. तिथून पायी अर्धा तास. कापूस निघालेलं शेत होतं, त्यात मेंढ्या बसवलेल्या. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढ्यांना पाला. "आता अशी शेतं राहिली कुठं?" सुनंदा म्हणाली. "सगळीकडं केळी. केळीत मेंढी कोण घुसू देतं? म्हणून आमचे सासरेबाबा म्हणतात कमी करा. पांढऱ्या तरी बाजारात लवकर जातात, काळ्या फक्त लोकरीसाठी ठेवल्या होत्या. घोंगड्या विणणारा सणगर होता आमचा, त्यानं माग बंद केला."

ऐंशीएक मेंढ्या, त्यातल्या तीस काळ्या. जाळीच्या कुंपणात उभ्या. वास जबरदस्त. चांगली साडी नेसून जाऊ नका आणि पातळ चप्पल तर नकोच, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या टोचतात.

सासूचं नाव धुरपताबाई. सत्तरीची असेल. तिनं चहा आधी दिला नाही, गाठोडं आधी सोडलं. आत लड्या. मी एक उचलली आणि ती हातात काठीसारखी उभी राहिली.

"हे काय लावलंय?"

"खळ," ती म्हणाली. "चिंचोक्याची. चार दिवस कुटली. बिनखळीचा धागा आमच्या घरातून कधी बाहेर गेला नाही."

घोंगडीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ लागते, त्यानं तो मागावर तुटत नाही. तेवढं मला माहीत होतं. पण विणायच्या धाग्याला खळ! एकूण एक लडीला लावली होती, कुंच्यानं, नीट, आतपर्यंत.

मी म्हटलं, "बाई, हा धागा नाही, तार आहे. सुईवर वळणारच नाही."

सुनंदानं माझ्याकडं बघितलं, मग सासूकडं. बाबा बाजूला बकरीच्या केसांची दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "सांगत होतो. सोमवारी मोकळं होऊ."

"तुम्ही गप बसा हो," म्हातारी म्हणाली. मग मला, "धुतलं तर निंघते. पानी तापवू?"

"कोमट कर. उकळतं नको. आणि चोळू नको, नाही तर सगळं चिकटून नमदा होईल."

"लोकर धुवाले मले नको शिकवू वं."

"खळ लावायला कोणी शिकवलं नसतं तर बरं झालं असतं."

यावर बाबा हसले. म्हातारी नाही हसली.

एक लडी तीन पाण्यातून काढली. पहिलं पाणी पेजेसारखं निघालं. मग उन्हात टाकली. तोवर भाकरी, लसणाची चटणी, मेंढीचं दूध घातलेला चहा. चहा दाट होतो, मला आवडला नाही, पण प्यायले. दीड-दोन तासांत लडी वाळली. मी सुया नेल्या होत्या, तुम्हीही न्या. वीस टाके घातले आणि वीतभर विणलं. सगळे उभे राहून बघत होते, मेंढ्यासुद्धा.

पट्टी तिरकी झाली. सरळ विणली तरी एका बाजूला पळत होती.

"का असं?" सुनंदा म्हणाली.

"पीळ जास्त बसलाय. घोंगडीसाठी कातलंय ना, एकेरी आणि कडक. याची बंडी केली तर माणूस वाकडा दिसेल."

मला डोळ्यांसमोर परतीची चारची बस दिसत होती. तेवढ्यात बाबा वैतागून म्हणाले, "दोन पदर घ्या अन् उलटा पीळ द्या. दोरीले देत नाहीत का? एवढी अक्कल नाही दोघींले!"

म्हातारीनं त्यांच्याकडं असं बघितलं की मी असते तर उठून गेले असते. पण तिनं दोन टोकं एकत्र घेतली, टकळी उलटी फिरवली. वळलेला धागा गोल, शांत, हातात पडला की पडलेला. मी पुन्हा टाके घातले. पट्टी सरळ आली.

मग गळ्याला लावून बघितली. टोचते. ते मी तिथंच सांगितलं, गोड बोलून काय करायचं. स्वेटर होणार नाही. शर्टावरून घालायची बंडी होईल, आसनं होतील, पिशव्या होतील. काळा रंग उडणार नाही, हे खरं.

"किती लागन वर्षाचं?" बाबांनी विचारलं.

"सहा किलो. त्याच्यावर माझे हात चालत नाहीत."

त्यांनी बोटं मोजली नाहीत की काही नाही. "सहा किलो म्हंजे दहा मेंढ्या. दोन्ही कातरण्या धरून. दहा ठेव."

हे त्यांनी बायकोला सांगितलं. ती काठी टाकून जाळीच्या आत गेली. प्रत्येकीच्या खांद्यावरची लोकर फाकवून बघायची, बोटानं ओढायची, आणि ठेवायची असेल तर कानामागं गेरूचं बोट. तीन झाल्या, सात झाल्या. दहावीला बोट लावलं. मग एक बारीक कानाची होती, तिच्यावर हात ठेवून थांबली. माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं नको बघू," मी म्हटलं. "मला सहाच झेपतं."

तिनं हात काढला. मला बस मिळाली.

जाण्यायेण्याचा खर्च दोनशेच्या आत. कापूस निघाल्यावर जा, म्हणजे माणसं एका जागी सापडतात. फोन करून जा. आणि धागा पाहिजे तर आधीच सांगा, दोन पदरी, बिनखळीचा.

घरी येऊन पहिली बंडी आठ दिवसांत विणली. जड झाली, पण बसते नीट. मिलमध्ये रात्रपाळी करणाऱ्या एकानं अंगात घातली ती काढलीच नाही. विणताना हिशोब केला तेव्हा कळलं, माझे हात सातपर्यंत गेले असते. तेव्हा गेले नाहीत, कारण मला चारची बस दिसत होती.

सुनंदाला फोन केला. म्हटलं, ती बारीक कानाची आहे का?

"गेली ताई. सोमवारीच. वीस गेल्या, त्यात ती पण."

"बरं."

"पण गाडी यायच्या आधी आत्यानं," सासूला ती आत्या म्हणते, "तिला कातरलं. एकटीलाच. व्यापारी बोंबलला, म्हणे उघडी मेंढी देता का. आत्या म्हणे, मेंढी तुझी, लोकर माझी. आता कातून तुमच्याकडं पाठवू का विचारत होती. सहाच्या वर होईल, म्हणून."

मी म्हटलं, पाठव.

ती लडी परवा आली. वेगळी बांधून दिली होती. मी तिचा वेगळा गुंडा केला नाही, बाकीच्यात वळून टाकली. आता कुठल्या बंडीत कुठली आहे ते मलाही सांगता येणार नाही.